पाच कोश : भृगूच्या प्रश्नापासून पुण्यापर्यंत

योगवर्गांत पंचकोशांचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. ही पतंजलींची शिकवण, असे मीही नोकरीत असताना समजत होतो. निवृत्तीनंतर योगसूत्रे नीट वाचली. त्यांत पाच कोश नाहीत. त्यांचे मूळ आहे तैत्तिरीय उपनिषदात.

तिथे भृगू वडिलांना, वरुणाला, ब्रह्म म्हणजे काय ते विचारतो. वरुण फक्त खूण सांगतो आणि तप करायला पाठवतो. भृगू एकेक उत्तर शोधतो : अन्न, प्राण, मन, विज्ञान. समाधान होत नाही, तो पुन्हा वडिलांकडे येतो. पाचव्या खेपेला त्याला आनंद सापडतो.

याच उपनिषदाच्या आधीच्या वल्लीत एकाच्या आत एक असे पाच आत्मे सांगितले आहेत. प्रत्येकाला पक्ष्यासारखे डोके, पंख, शेपूट. पण त्या वर्णनात ‘कोश’ हा शब्द नाही. तो शंकराचार्यांच्या भाष्यात येतो. त्यांचा दाखला शेतातला आहे : कोद्र्याची अनेक टरफले काढली की आतला दाणा मिळतो. म्हणजे कोश बाजूला सारायचे.

आता पुण्याकडे या. बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये इथे आले. त्यांच्या ‘लाइट ऑन लाइफ’ या 2005 च्या पुस्तकाची मांडणीच पाच कोशांवर आहे. तिथे शरीरापासून आनंदापर्यंत प्रत्येक थर आसन-प्राणायामाने जोपासायचा आहे. टरफल होते, ते आता घर झाले.

मग खरे काय? उंचावरच्या चौकीवर मी एक गोष्ट पाहिली. तिथे भूक मरते, श्वास अपुरा पडतो, झोप तुटते. मग शांत जवानही चिडतो आणि अनुभवी माणसाचा निर्णय चुकतो. वरचा थर ढासळला की आतले हलतात. म्हणून सकाळी मी आधी विचारायचो, “जेवलास का?” हौसला त्यानंतर.

उपनिषदालाही हे ठाऊक आहे. आनंद सापडल्यावर गोष्ट संपत नाही. लगेच व्रते येतात : अन्नाची निंदा करू नका, अन्न भरपूर पिकवा, दारी आलेल्याला परत पाठवू नका. शिखर गाठलेल्याला ते पुन्हा स्वयंपाकघरात आणते.

तेव्हा मंडळी, आनंदमय कोशाचे ध्यान जरूर करा. पण घरातला म्हातारा माणूस आज जेवला का, हे आधी विचारा. जय हिंद.