तीन आकडे आणि जावयाची सही

गोव्यातलं कुठलंही जुन्या घराचं विक्रीखत हातात घ्या आणि सरळ शेवटच्या शेड्यूलवर जा. मिळकतीला तिथे तीन आकडे दिलेले असतात. पहिला लँड रजिस्ट्रेशनचा, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतल्या कोंसेर्व्हातोरियातला वर्णन क्रमांक, सोबत पुस्तक 'बी' आणि पानाचा आकडा. दुसरा मात्रीझचा. तिसरा सर्व्हे नंबर, पोटहिश्शासकट. मुंबईकडून आलेल्या माणसाला हे तीनही एकाच जमिनीचे कसे, ते कळत नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांना तरी कुठे कळतं?

हे तीन आकडे तीन वेगळ्या काळांत, तीन वेगळ्या कामांसाठी पडले. कोंसेर्व्हातोरियातली नोंद मालकीची. त्या काळी विक्रीचा दस्त, म्हणजे 'इश्क्रितूर', नोटारीच्या पुस्तकात लिहिला जाई. मूळ पुस्तक नोटारीकडे राही आणि पक्षकारांना नक्कल मिळे. मग ती नक्कल नेऊन मिळकतीचं वर्णन आणि त्याखाली मालकाचं नाव नोंदवायचं. ज्यांना खर्च परवडला नाही, गरज वाटली नाही, त्यांनी नोंदवलंच नाही. मात्रीझ ही खजिन्याची, कराची वही. तिसरा आकडा मुक्तीनंतरचा. १९६८ चा जमीन महसूल कायदा आला आणि पुढे सत्तरच्या दशकात सर्व्हे झाला. त्यातून आजचा फॉर्म एक आणि चौदा निघाला.

गोची अशी की जुन्या वर्णनात मिळकत नावाने आणि चतुःसीमेने ओळखली जाते. पूर्वेला व्हाळ, पश्चिमेला अमक्याच्या वारसांचं भाट, उत्तरेला डोंगर. व्हाळ सरकतो, वारस बदलतात, डोंगराचा रस्ता होतो. सर्व्हेवाल्यांनी मात्र त्या दिवशी जो कबजात दिसला आणि घरी सापडला, त्याचं नाव बहुतेक ठिकाणी लिहून घेतलं.

हा विषय मंडळापुढे आणण्याचं कारण घरातलंच आहे. माझ्या भाचीने आणि तिच्या नवऱ्याने फोंडा तालुक्यात एक जुनं चौसोपी घर बघितलं. राजांगण, तुळस, मागे पोफळी. दोघांची नोकरीतली बारा वर्षांची शिल्लक त्यात जाणार होती. दलालाने वकीलही सुचवला. त्याने दोन दिवसांत टायटल रिपोर्ट दिला: फॉर्म एक आणि चौदावर विकणाऱ्याच्या वडिलांचं नाव आहे, तीस वर्षांचा निल एन्कम्ब्रन्स दाखला आहे, बयाणा द्यायला हरकत नाही.

मी भाचीला एवढंच विचारलं की या वकिलाची फी कोण देतोय. दलाल देणार होता. मग आम्ही दुसरीकडे गेलो.

दुसऱ्या वकीलबाई पणजीच्या. वय साठीच्या पुढे, पोर्तुगीज वाचणाऱ्या. आता असे वकील थोडे राहिलेत. मुक्तीआधी गोव्यात कायद्याची पदवी असलेले 'आदवोगाद' होते, तशी पदवी नसताना सनद मिळालेले 'प्रोव्हिजनारी'ही होते, आणि दस्ताची भाषा दोघांच्याही हाताखालची होती. नंतर न्यायालयं इंग्रजीत गेली, नवे वकील बेळगाव-मुंबईला शिकून आले, जुने कागद मात्र पोर्तुगीजच राहिले. त्यामुळे इथे घर घेताना वकिलाला पहिला प्रश्न फीचा नव्हे, तो मूळ कागद स्वतः वाचतो की भाषांतरावर भागवतो, याचा असावा असं माझं मत आहे.

बाईंनी दाखला बाजूला ठेवला. म्हणाल्या, "यात फक्त नोंदवलेले व्यवहार दिसतात. माणूस मेला की वारसांना हक्क मिळतो, त्याची नोंद सब-रजिस्ट्रारकडे आपोआप होत नाही. आजोबा कधी गेले, त्यांना मुलं किती, ते सांगा."

इथे कायद्याचा इतिहास आडवा येतो. पोर्तुगालची १८६७ ची दिवाणी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. पोर्तुगालने स्वतः १९६६ साली नवी संहिता केली, पण तोवर गोवा त्यांच्याकडे नव्हता, म्हणून जुनीच इथे राहिली. या संहितेत लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची सगळी मिळकत सामाईक, निम्मी तिची आणि निम्मी त्याची. 'सगळी' या शब्दात वारशाने आलेलीही धरायची. मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. म्हणून बापाच्या घरात लेकीचा वाटा आला की त्या वाट्यात तिचा नवराही आला. गोव्याच्या विक्रीखतांवर जावयांच्या सह्या असतात त्या यामुळे.

विकणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं वेगळं होतं. "आम्ही हिंदू, नव्या काबिजादीतले, एकत्र कुटुंब. थोरल्याच्या नावावर म्हणजे थोरल्याचं." या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असं नव्हे. हिंदूंच्या रूढी सांभाळणारं १६ डिसेंबर १८८० चं फर्मान आहे, आणि एकत्र कुटुंबाचा विचार त्यात आहे. पण बाईंचं उत्तर सरळ होतं: कुटुंब एकत्र असलं तरी थोरला एकटा मालक होत नाही, तो फार तर कारभारी.

आजोबांना पाच मुलं निघाली. दोन मुलगे, तीन मुली. एक मुलगी लग्न करून सासष्टीत गेली होती, तिचे वारस लिस्बनला. इन्व्हेंटरी कधी झालीच नव्हती. सर्व्हेच्या वेळी थोरला मुलगा घरात होता, एवढाच त्याच्या नावाचा आधार. शिवाय पोफळींच्या कडेला एक लहानसं घर होतं, ज्याला दलाल 'नोकराची खोली' म्हणत होता. तिथे एक म्हातारी आणि तिचा मुलगा राहतात, घरपट्टी भरतात. ती मुंडकार. १९७५ च्या कायद्याने तिला हुसकावता येत नाही, आणि ते घर व त्याखालची जागा विकत घेण्याचा हक्कही तिलाच आहे. भाचीला हे ऐकून वाईट वाटलं नाही. म्हणाली, शेजार आयताच मिळाला. त्यामुळे मला तिचं कौतुक वाटलं.

अशा कागदांचं पुढे काय होतं ते आपण पाहिलंच आहे. परदेशी गेलेल्या वारसांच्या जमिनी बनावट जुन्या दस्तांवर लाटल्या जाताहेत म्हणून २०२२ साली सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं, आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही. पणजीचं पुराभिलेख खातं १५९५ सालचं, दियोगु द कोउतु त्याचे पहिले अधिकारी. तिथले कागद आपण मंडळी इतिहासासाठी चाळतो, पण कुणाच्या तरी डोक्यावरचं छप्पर अजून त्यांच्यावर उभं असतं.

बयाणा दिला नाही. बाईंनी विकणाऱ्यालाच सांगितलं, आधी इन्व्हेंटरी करा. ती आता दिवाणी न्यायालयात चालू आहे. लिस्बनच्या भाच्यांचं मुखत्यारपत्र अपोस्टील होऊन आलं. या कामात शेवटी वारस आपसांत बोली लावू शकतात. ज्याची बोली जास्त त्याला घर, आणि इतरांना त्यांच्या वाट्याचे पैसे. थोरल्याचा मुलगा विकायला तयार आहे, पण धाकट्या आत्याच्या जावयालाही ते घर हवंय असं परवा कळलं. बोलीची तारीख अजून लागायची आहे. भाची फोंड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहते आणि पैसे बँकेत आहेत.