पात्र की अपात्र? यवतमाळमधल्या एका अर्जाची गोष्ट

सरकारी मदतीचा इतिहास आपण बहुतेक वेळा घोषणांमधून ऐकतो. अमुक कोटींचं पॅकेज, तमुक लाखांची माफी. आज तोच इतिहास तहसील कचेरीच्या खिडकीबाहेर, रांगेत उभं राहून बघूया. जिल्हा यवतमाळ.

सुरुवात तगाईपासून करावी लागते. इंग्रजांनी 1883 मध्ये जमीन सुधारणा कर्जाचा कायदा केला आणि 1884 मध्ये शेतकऱ्यांना कर्ज देण्याचा. पहिला विहिरी-बांधांसाठी, दुसरा बी-बियाणं आणि बैलांसाठी. तेव्हा या जिल्ह्याचं नाव वणी होतं. यवतमाळ हे नाव 1905च्या आसपासच्या फेररचनेत आलं. तगाई हे अनुदान नव्हतं, कर्जच होतं. पण मदत मागायची तर अर्ज करायचा आणि अर्जामागे जमिनीचा कागद किंवा जामीन उभा करायचा, ही रीत तिथून पक्की झाली. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यासाठी हे दार अरुंदच होतं. सावकाराकडे मात्र त्याच दिवशी पैसे मिळायचे. व्याजाचं नंतर कळायचं!

आता शंभर वर्षं पुढे येऊ. 19 मार्च 1986. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी आणि मुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली नोंदली गेलेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून तिचा उल्लेख होतो आणि दरवर्षी या तारखेला अनेक जण उपवास करतात. पुढे कापसाच्या पट्ट्यात अशा घटना वाढत गेल्या. डिसेंबर 2005 मध्ये मुख्यमंत्र्यांचं 1,075 कोटींचं पॅकेज आलं आणि जुलै 2006 मध्ये पंतप्रधानांचं 3,750 कोटींचं. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी, त्यात यवतमाळ.

पण आपला विषय त्याहून लहान आहे: 23 जानेवारी 2006चा शासन निर्णय. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये. त्यातले 30 हजार हातात, 70 हजार मुदत ठेवीत. आणि अटी? कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. नापिकीमुळे ते थकलेलं हवं. आणि वसुलीचा तगादा लागलेला हवा. जिल्हाधिकाऱ्यांची समिती कागद बघणार आणि शिक्का मारणार, पात्र किंवा अपात्र.

या अटी कागदावर वाजवीच वाटतात. सरकारी पैसा आहे, शहानिशा नको का? हवीच. पण गावात हे कसं चालतं ते बघा. बँकेचं जुनं कर्ज थकलं की नवं पीककर्ज मिळत नाही. मग पेरणीसाठी माणूस जातो कृषी केंद्राच्या उधारीवर, नाहीतर बिनपरवाना सावकाराकडे. त्या कर्जाची पावती नसते आणि नोटीसही येत नाही. तगादा असतो तो दारात उभं राहून, चारचौघांत केलेला. तो सिद्ध कसा करायचा? बिनपरवाना सावकारी हा गुन्हा सावकाराचा, पण अर्ज फेटाळला जाणार कर्जदाराच्या विधवेचा. मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत खटकणारी गोष्ट हीच वाटते.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. शेत कसत होता मुलगा, नाव सासऱ्याचं. किंवा सासरे जाऊनही वारस नोंद झालेली नाही, फेरफार तलाठ्याकडे पडलेला. शेतात राबणाऱ्या बाईचं नाव तर क्वचितच असायचं. तेव्हा ती शेतकरी की शेतकऱ्याची बायको? पुढे काही अटी सैल झाल्या. तरी पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, आठ-अ, बँकेचा दाखला हे सगळं गोळा करायचं, तेही घरात सुतक असताना. "बाई, एक कागद कमी हाये," एवढं ऐकायला एसटीने तालुक्याला जायचं आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची.

आणखी एक गंमत, म्हणजे गंमत कसली म्हणा. "अपात्र"चा अर्थ इतकाच की ही फाइल निकषात बसली नाही. पण वर्तमानपत्रांत आणि सभागृहात तोच शब्द वेगळा होऊन आला. अपात्र म्हणजे शेतीमुळे नाहीच, दारू असेल, घरगुती भांडण असेल. मदतीसाठी केलेली चाळणी कारणांचा अभ्यास म्हणून वापरली जाऊ लागली. पी. साईनाथ यांनी त्या काळात यावर सातत्याने लिहिलं.

बाकीच्या योजनांचं थोडक्यात. 2008च्या केंद्राच्या कर्जमाफीत दोन हेक्टरची मर्यादा होती. ओलिताच्या भागात पाच एकरवाला तग धरतो. यवतमाळच्या कोरडवाहू कापसात आठ एकरवालाही गरीबच. त्याला पूर्ण माफी नाही, एकरकमी परतफेडीची सवलत फक्त. 2017 मध्ये राज्याने ऑनलाइन अर्ज मागवले, नवरा-बायको दोघांच्या माहितीसह, आणि सेवा केंद्रांवर रांगा लागल्या. 2019 मध्ये अर्जच काढून टाकला, हे चांगलंच झालं. फक्त आधारचं प्रमाणीकरण. तिथे थकबाकी दोन लाखांवर गेली की माणूस यादीबाहेर.

आणि तो 2006चा एक लाख? पुढची पंधरा वर्षं तो आकडा हललाच नाही. बियाणं वाढलं, खत वाढलं, मजुरी वाढली. विधवेच्या हातात 30 हजार आणि ठेवीत 70, हीच वाटणी राहिली.