चार भोकांचं दार
मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली कृष्णवर्णीय नर्स. ड्युटीच्या वेळा अडनिड्या, नवराही बरेचदा रात्री कामावर, आणि पोलीस बोलावूनही लवकर येत नसत. १९६६ मध्ये तिने इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ नवऱ्यासोबत, अल्बर्टसोबत, पेटंटसाठी अर्ज केला; १९६९ मध्ये ते मिळालं. पेटंटमधली आकृती मी झूम करकरून पाहिली. दारात वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, मागे वर-खाली सरकणारा कॅमेरा. दाराशी लहान मूल असलं तरी दिसावं! चित्र बेडरूममधल्या पडद्यावर. माइकवरून विचारायचं, ‘कोण?’ ओळखीचा असेल तर पलंगावरूनच कडी उघडायची, नाहीतर मदतीचं बटण दाबायचं. आजच्या जाहिरातींत मेगापिक्सेल मोजतात. मला मात्र तिचं ते सर्वांत खालचं भोक जास्त हुशार वाटतं.