मद्यसेवनातील स्थित्यंतरे, बीड जिल्ह्यातील

मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात मद्यसेवनाच्या सवयी गेल्या सुमारे शंभर वर्षांत मुळापासून पालटल्या. झाडाच्या ताज्या रसापासून होणाऱ्या सौम्य शिंदीची जागा आधी हातभट्टीच्या दारूने आणि पुढे साखर कारखान्यांच्या मळीपासून बनणाऱ्या बाटलीबंद मद्याने घेतली. हा पालट केवळ लोकांच्या आवडीनिवडीतून झालेला नाही. करपद्धती, दारूबंदी व ऊसशेती यांचा त्यात मोठा वाटा आहे.

शिंदी व ताडी : ओढ्यानाल्यांच्या काठी वाढणाऱ्या शिंदीच्या झाडाच्या शेंड्याजवळ छेद देऊन रात्री मडक्यात रस धरीत. पहाटेचा ताजा रस म्हणजे नीरा; ऊन चढू लागताच तो आंबून त्याची शिंदी होते. तीत मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः चार-पाच टक्क्यांच्या आसपास असते. ताडाच्या रसापासून अशाच रीतीने ताडी होते. शिंदी एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नसल्यामुळे ती गावात निघे व गावातच संपे. गाळलेली दारू, विशेषतः मोहाच्या फुलांची, त्या काळीही होती; तथापि ती तुलनेने महाग व अधिक कडक असे. मद्यपान समाजात सर्वत्र रूढ होते असे मात्र नाही. वारकरी पंथाची माळ घालणाऱ्यांना ते वर्ज्य होते आणि अनेक घरांत ते निषिद्धच मानले जाई.

निजामी आबकारी : बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. आबकारी हे संस्थानाच्या उत्पन्नाच्या प्रमुख साधनांपैकी एक होते. दारू व शिंदी विकण्याचा हक्क ठेक्याने दिला जाई. अशा ठेक्यास ‘गुत्ता’ व ठेकेदारास ‘गुत्तेदार’ म्हणत. पुढे मराठीत दारूच्या दुकानालाच ‘गुत्ता’ हे नाव पडले, यावरून करपद्धतीचा लोकजीवनाशी आलेला संबंध स्पष्ट होतो. शिंदीचे झाड त्यामुळे सरकारी उत्पन्नाचे प्रतीक बनले. स्वामी रामानंद तीर्थ यांचे अंबाजोगाई हे एक महत्त्वाचे कार्यक्षेत्र होते. त्यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसने १९४७ मध्ये जो लढा पुकारला, त्यात शिंदीची झाडे तोडणे हा सत्याग्रहाचा एक प्रकार होता. त्यामागे मद्यविरोधाची भावना होती, तसाच निजामाचे उत्पन्न बुडविण्याचा हेतूही होता.

दारूबंदी : शेजारच्या मुंबई राज्यात ‘मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९’ संमत होऊन १९५० पासून संपूर्ण दारूबंदी अंमलात आली. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदातील निदेशक तत्त्वाशी हे धोरण सुसंगत होते. त्यामुळे काही वर्षे अहमदनगर (विद्यमान अहिल्यानगर) जिल्ह्यात हा कायदा लागू, तर सीमेपलीकडील आष्टी-पाटोदा भागात तो लागू नाही, अशी स्थिती होती. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला व १९५९ च्या अधिनियमाने हा कायदा तेथेही लागू करण्यात आला.

बंदीमुळे उघड विक्री थांबली. पिणे मात्र पूर्णपणे थांबले नाही. गूळ व नवसागर यांपासून चोरून गाळलेल्या हातभट्टीच्या दारूचा प्रसार झाला. शिंदीचे झाड लपविता येत नाही व तिचा रस रोज काढावा लागतो. याउलट भट्टी एका रात्रीत उभारता व मोडता येते आणि थोड्या मालात अधिक नशा विकता येते. सौम्य पेयाकडून कडक दारूकडे झालेल्या वाटचालीचे हे एक महत्त्वाचे कारण होय. हातभट्टीत मिथेनॉल मिसळल्यास ती प्राणघातक ठरते. मुंबईतील मालवणी येथे २०१५ मध्ये अशा विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले.

मळीचे युग : महाराष्ट्रात १९६० नंतरच्या दशकात बंदी क्रमाने शिथिल करण्यात आली व १९७३ च्या देशी दारू नियमांनी परवानाधारक देशी दारूच्या व्यवसायास निश्चित चौकट मिळाली. मळीपासून काढलेल्या मद्यार्कात पाणी व संत्र्यासारखा स्वाद मिसळून ही दारू बनवितात. शिंदीला पुन्हा पूर्वीचे स्थान मिळाले नाही. नासणारा रस साठविता येत नाही, दूर पाठविता येत नाही आणि त्यावर कर बसविणेही कठीण. मोहोरबंद बाटलीची मात्र मोजणी, वाहतूक व करआकारणी सुलभ होते. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यातील (व्हिस्की, रम इ.) मद्यार्कही बव्हंशी मळीचाच असे, त्याचे प्रमाण सामान्यतः ४२·८ टक्के असते. सौम्य मद्यांपैकी बिअरचा प्रसार मुख्यतः शहरांतून झाला. द्राक्षप्रक्रिया धोरणाने (२००१) वाइननिर्मितीस उत्तेजन मिळाले, तरी तिचे केंद्र नाशिक परिसर हेच राहिले. धान्यापासून मद्यार्क बनविण्यास राज्याने २००७ मध्ये प्रोत्साहन दिले. ज्वारीसारख्या अन्नधान्याच्या या वापरावर पुढे तीव्र टीका झाली.

सामाजिक परिणाम : बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. दरवर्षी हंगामात येथील असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे स्थलांतर करतात. त्यांनी तोडलेल्या उसाच्या मळीपासूनच देशी दारू तयार होते आणि ती विकत घेणाऱ्यांत कष्टकरी वर्ग मोठा असतो. मजुरीचा काही भाग अशा रीतीने त्याच उद्योगाकडे परत जातो व त्याची झळ प्रामुख्याने स्त्रियांना पोहोचते. दुष्काळात हा प्रश्न पाण्याशीही जोडला गेला. २०१६ च्या तीव्र टंचाईत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगांच्या पाणीपुरवठ्यात टप्प्याटप्प्याने ५० ते ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) देशातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के, तर स्त्रियांपैकी सुमारे एक टक्का मद्यपान करतात. न पिणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी असूनही पिण्याचे परिणाम संपूर्ण कुटुंबास भोगावे लागतात. म्हणूनच मतदानाने दुकान बंद करण्याच्या राज्याच्या तरतुदीस ग्रामीण स्त्रियांच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. ‘आडव्या बाटली’च्या बाजूने आवश्यक बहुमत मिळाल्यास गावातील परवानाधारक दुकान बंद करता येते. ही तरतूद अधिकृत विक्रीपुरती आहे. हातभट्टी व चोरटी विक्री यांचा बंदोबस्त पोलीस व राज्य उत्पादन शुल्क विभाग यांच्या कारवाईवरच अवलंबून राहतो.