विजयदुर्गासाठी एक दिवस

आम्हा संभाजीनगरकरांना लेण्यांची वाण नाही. वेरूळ काय, अजिंठा काय, देवगिरीचा किल्ला काय, सारे घरचेच. पाहुणा आला की दाखवायचे. वाण आहे ती समुद्राची. म्हणून दिवाळीची सुटी जवळ आली की घरोघरी नकाशा पसरला जातो आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याचे नाव निघते. एकाच जिल्ह्यात किनारा, माडापोफळींची गावे आणि किल्ले. आणखी काय हवे?

बेत बहुधा ठरलेला. कोल्हापूर, गगनबावडा, मग करूळ घाट उतरून वैभववाडी आणि थेट मालवण. तिथे होडीने कुरटे बेटावर जायचे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी महाराजांनी तिथे सिंधुदुर्गाच्या बांधकामाला आरंभ केला. भोवती खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. मुले तर हरखूनच जातात. पुढे माशांचे जेवण, सोलकढी, काजूची खरेदी आणि परतीची घाई. या घाईत विजयदुर्ग राहून जातो, ही माझी तक्रार आहे. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत या जिल्ह्याचे हे दोन्ही आहेत.

वाघोटन खाडीच्या मुखाशी, तिन्ही बाजूंनी पाणी असलेला हा किल्ला. इंग्रज त्याला घेरिया म्हणत आणि त्याच्या नावानेच दचकत. कान्होजी आंग्र्यांच्या मागे तो त्यांचा मुलगा तुळाजी याच्याकडे आला. तुळाजी शूर खरा, पण पेशव्यांना जुमानीना. त्यांच्या मुलखालाही त्याचा उपद्रव होई. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला.

१७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आरमार घेऊन विजयदुर्गासमोर आला. बरोबर फौजेसह क्लाइव्ह. जमिनीवर पेशव्यांचे सैन्य होतेच. १२ तारखेला बंदरात एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या आंग्र्यांच्या जहाजांपैकी एकावर कुलपी गोळा पडला, आग लागली, आणि बघता बघता सारा ताफा जळाला. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. तुळाजीचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत सरले. किल्ला पेशव्यांना परत मिळाला तो बाणकोट इंग्रजांना देऊन. १७५७ च्या जूनमध्ये क्लाइव्ह प्लासीला होता.

पेशव्यांनी पुढे आनंदराव धुळपांच्या हाताखाली इथेच आपले आरमार ठेवले, आणि त्यांनी पराक्रमही केला. तरी घरचा तंटा मिटवायला परका बोलावला आणि त्याने घरचीच जहाजे जाळली, हे मुलांपासून लपवू नये. खाडीकडच्या तटावर त्यांना उभे करावे आणि जळाले ते पाणी बोटाने दाखवावे.

एक गोष्ट मात्र ऐकून सोडून द्यावी. 'साहेबाच्या ओट्यां'जवळ कोणीतरी सांगेलच, की १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियर साहेबाने इथून हेलियम वायू शोधला. त्या १८ ऑगस्टला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, आणि लॉकियर इंग्लंडात! त्याने आपले निरीक्षण तिथूनच ऑक्टोबरात केले. ओटे पाहावेत आणि पुढे चालावे. तट अजून बराच फिरायचा असतो.