अडलेल्या गाईचं वंगण

वंगण म्हटलं की आमच्या पिढीला बैलगाडी आठवते. वंगण नसेल तर चाक करकरतं, आस झिजतो. अडलेल्या गाईचंही तसंच आहे. कवीने हा विषय का घ्यावा, असं वाटेल. पण बारामती-इंदापूरच्या माणसाला गोठा कुठे चुकतो?

निसर्ग हे वंगण स्वतःच देतो. पाणमोट फुटते आणि तिच्यातल्या बुळबुळीत पाण्यावरून वासरू सरकत बाहेर येतं. वासराची मान किंवा पाय मुडपलेला असला, बराच वेळ गेला, की पाणी निघून जातं आणि वाट कोरडी पडते. मग बाहेरचं वंगण लागतं. आमची अम्मी शेळी अडली की बोटांना गोडेतेल लावायची. एकोणिसाव्या शतकात युरोपातले पशुवैद्य जवसाचा चिकट काढा वापरत. १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशकाचं महत्त्व मांडलं आणि पुढे कार्बोलिक मिसळलेलं तेल आलं. मुंबईत १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघालं. खेड्यात मात्र तेल आणि साबणाचं पाणी हीच सोय राहिली.

१९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी आपल्याच जिल्ह्यात, उरुळी कांचनला, बाएफ संस्था उभी केली. संकरित गाई आल्या, घरोघरी दुधाचा पैसा आला. पण लहान चणीच्या कालवडीला थोराड जातीच्या वळूचं बीज भरलं, तर वासरू मोठं आणि वाट अरुंद, असा पेच पडतो. तिथे वंगणाची खरी कसोटी लागते.

साबण हात धुवायला चांगला. पण आत गेला की उरलीसुरली स्निग्धता धुऊन नेतो आणि आग करतो. आता पशुवैद्य निर्जंतुक जेल भरपूर वापरतात. पाण्यात कालवायची पॉलिमरची पूडही मिळते. ती फार बुळबुळीत असते, पण गर्भाशय फाटलं असेल किंवा पोट चिरून वासरू काढायचं असेल तर ती टाळावी लागते. ती पोटाच्या पोकळीत गेल्याने घोड्या दगावल्याचं आढळलं आहे.

इतिहास एवढंच सांगतो, की वंगण बदललं तरी घाई तीच राहिली. चार माणसं दोराला लागतात, आणि गाय व वासरू दोन्ही जातात. तेव्हा गाय अडली, तर आधी पशुवैद्याला बोलवा. हातमोज्याशिवाय हात घालू नका. ब्रुसेलोसिससारखा रोग माणसालाही होतो. आणि कोरड्या वाटेतून वासरू कधीच ओढू नका.