फिलिस, मिस फरार आणि मांगाची मुक्ता

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. त्यामुळं तिथल्या काळ्या पुढाऱ्यांची नावं आपल्या शिबिरांत पोरांना तोंडपाठ. त्यात बाई मात्र नसते. आपली बाईसुद्धा नसते. म्हणून हे लिहायला बसलो.

फिलिस व्हीटली. आफ्रिकेतनं धरून आणलेली सात-आठ वर्षांची पोर. १७६१ साली बोस्टनला विकली गेली. जहाजाचं नाव फिलिस म्हणून ही फिलिस. विकत घेणारा व्हीटली म्हणून आडनाव व्हीटली. त्या घरात ती इंग्रजी शिकली, लॅटिन शिकली, कविता करायला लागली. बोस्टनमध्ये पुस्तक छापायला कुणी तयार होईना. ते १७७३ साली लंडनला निघालं. सुरुवातीलाच बोस्टनच्या अठरा बड्या गोऱ्यांचा दाखला, की ह्या कविता हिनंच लिहिल्यात! (मी सूतगिरणीत राबतो. एका संपादकानं मला विचारलं होतं, 'कुणाकडनं लिहून घेतल्यास?' अठरा सह्या मी कुठनं आणू?) पुढं ती गुलामीतनं सुटली, लग्न केलं. दुसऱ्या पुस्तकाला वर्गणीदार मिळाले नाहीत. १७८४ साली दारिद्र्यात मेली, तिशीच्या आसपास.

त्याच अमेरिकेतनं १८२७ साली सिंथिया फरार नावाची बिनलग्नाची बाई मिशनच्या कामाला निघाली ती मुंबईत उतरली. नंतर अहमदनगरला तिनं मुलींच्या शाळा चालवल्या. धर्म वाढवायला आली होती, त्यात लपवायचं काय? पण तिची शाळा बघून आपणही मुलींची शाळा काढावी असं मनात आलं, हे खुद्द जोतीराव फुल्यांनी सांगून ठेवलंय. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, मागनं मांगमहारांसाठीही निघाल्या. जोतीराव-सावित्रीबाईंच्या ह्या शाळेत शिकली मुक्ता साळवे.

मांगाची पोर, वय चौदाच्या आसपास. मांगमहारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ ला दोन हप्त्यांत आला. 'ज्ञानोदय' हे त्याच अमेरिकन मिशनचं पत्र. निबंध रडका नाही. ती भांडते. वेद जर बामणांचेच, आम्हाला ते बघायचीही चोरी, तर मग आमचा धर्म कुठला, असं ती थेट देवाला विचारते. येवल्याची घोषणा १९३५ ची. ह्या पोरीनं धर्माचा प्रश्न त्याच्या ऐंशी वर्षं आधी टाकला होता.

मग ती पेशवाईचा हिशेब मांडते. तालमीपुढनं मांगमहार गेला तर त्याचं मुंडकं उडवून गुलटेकडीच्या मैदानात चेंडूसारखं खेळायचे. इमारतींच्या पायात आपल्या माणसांना तेलशेंदूर पाजून गाडायचे. आमच्या गगनबावड्याचा इतिहास म्हंजे पंत अमात्य, त्यांचं आज्ञापत्र, त्यांची जहागीर. शाळेत असताना गगनगडावर सहल गेली. तिथले धोंडे वर कुणी वाहिले, एवढंच मी विचारलं. 'गप चल,' म्हणाले.

आणि मुक्ता बायांचं लिहिते. बाळंत होताना डोक्यावर छप्पर नाही, थंडीवाऱ्यात तशीच पडायची. हे पुरुषाच्या हातनं लिहून झालं नसतं. त्याला मुंडकं आठवलं असतं, बाळंतीण आठवली नसती. इंग्रजांचं राज्य आलं ते बरं झालं असंही ती म्हणते. ते काहींना बोचतं. बोचू दे. जिच्या माणसांची मान जात होती तिनं कुणाला दुवा द्यावा, हे मान शाबूत असलेल्यांनी सांगू नये.

अमेरिकेत फिलिसची पुस्तकं निघतात, अभ्यास होतो. मुक्ताच्या निबंधाच्या शीर्षकात मांग आणि महार एका दमात आलेत. आमच्याकडं १४ एप्रिलचा मांडव वेगळा, १ ऑगस्टचा वेगळा, पावतीपुस्तकंही वेगळी. मुक्ताचा फोटो कुठल्या मांडवात लावायचा ह्यावर यंदा दोन तास बाचाबाची झाली. शेवटी नववीतल्या एका पोरीनं तो निबंधच मोठ्यानं वाचायला घेतला. अर्धा झाला नाही तोवर तिलाच चहा आणायला उठवलं. उरलेला अर्धा १ ऑगस्टच्या मांडवात वाचायचा ठरलाय. चहा आम्ही करणार.